कॅरीची चिठ्ठी : बंब, कल्हई आणि रेडिएटर



आमच्या कॅरी गावाच्या नावाची इथले जुने रहिवासी चेष्टेनं एक फोड करतात. नावातल्या चार इंग्रजी अक्षरांवरून ते म्हणतात, ही तर 'उत्तरेकडून आलेल्या यांकींना कोंडून ठेवायची जागा'! यांकींच्या मागोमाग आपण देशी मंडळी आलो, व्यंकटेश्वराचं देऊळ उभं राहिलं, कोथिंबिरीची जुडी हाताशी मिळू लागली, आणि अस्सल इथला माणूस मात्र शोधावा लागू लागला. आमच्या नशिबानं तो शेजारीच राहतो. ऐंशी ओलांडलेले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या मुली त्यांना सरळ 'आजोबा' म्हणतात आणि तेही ओ देतात.

या आजोबांच्या गॅरेजमध्ये १९२८ सालची हपमोबील आहे. नाव ऐकून पहिल्यांदा आम्हांलाही हसू आलं होतं. पण डेट्रॉइटच्या या कंपनीच्या गाड्या १९०९ पासून रस्त्यावर होत्या आणि १९४० साली ती बंद पडली. आजोबांच्या वडिलांची ही गाडी. वर्षातून चार-पाच वेळा ते ती बाहेर काढतात, गल्लीतल्या पोरांना फिरवून आणतात आणि परत झाकून ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका शनिवारी सौ. खिडकीतून ओरडली, "अहो, आजोबांच्या गाडीला आग लागली!" आम्ही चप्पल न घालताच धावलो. आग नव्हती, वाफ होती. गाडी पुढून चहाच्या किटलीसारखी फुसफुसत होती आणि आजोबा शांतपणे बाजूला खुर्ची टाकून बसले होते. आम्हांला पाहून म्हणाले, "तुम्ही इंजिनियर ना? तुम्हांलाच बोलावणार होतो."

आता आम्ही इंजिनियर आहोत हे खरं. पुण्याहून मेकॅनिकल करून इथं रॅलीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये मास्टर्स केलं आणि गेली वीस वर्षं पोटापाण्यासाठी करतो ते कामही थंडाव्याचंच. मोठमोठे संगणक तापू नयेत म्हणून त्यांच्यातून हवा-पाणी कसं खेळवायचं, हे बघायचं. तेव्हा तोंडात तयार उत्तर होतंच. "हा जुना काढून टाका, छानसा अॅल्युमिनियमचा..." एवढं बोललो आणि जीभ चावली. कारण हेच वाक्य आम्ही पूर्वी एकदा पुण्यात पूर्ण केलं होतं. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी रेडिएटर म्हणजे काय हे थोडक्यात सांगू. घाबरू नका, समीकरणं नाहीत.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना रेडिएटर शिकवावा लागत नाही. बंबात मधोमध निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी. निखाऱ्याची उष्णता तांब्यातून पाण्यात जाते. रेडिएटर म्हणजे उलटा बंब! आत गरम पाणी, बाहेर वारा, आणि मध्ये तांब्या-पितळेचा पातळ पडदा. इंजिनाची उष्णता पाणी घेऊन येतं आणि वाऱ्याच्या स्वाधीन करून परत जातं. वर एक टाकी, खाली एक टाकी, दोन्हींना जोडणाऱ्या बारीक नळ्या आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्या. या मधल्या भागाला आपले गॅरेजवाले जाळी म्हणतात, इथले कोअर. पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत पाणी फिरवायला पंपही नसे. फोर्डची सुप्रसिद्ध मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या वर बनली, त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या सोडल्या तर बाकीच्यांत पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढे, गार झालेलं खाली उतरे. बंबात वरचं पाणी आधी तापतं, तोच हा न्याय.

जाळीची कल्पना सर्वांत डोकेबाज रीतीनं लढवली ती विल्हेल्म मायबाख या जर्मन इंजिनियरनं. १९०० सालाच्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज गाडीला त्यानं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा आणि फटींतून पाणी! त्यामुळे आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागे, तिथं ९ लिटरवर भागलं. त्याच मायबाखच्या नावाची गाडी कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडे आहे आणि दसऱ्याच्या शाही सोहळ्यात ती लोकांना बघायला मिळते. बाकीची गर्दी तिची झूल आणि रंग बघत असेल, पण पुन्हा कधी दसऱ्याला कोल्हापूरला गेलात तर आमच्यासाठी पुढून तिचं तोंडही बघून घ्या.

तोंड म्हटलं ते उगीच नाही. १९३० च्या सुमारापर्यंत गाडीचा रेडिएटर हाच तिचा चेहरा असे. लांबून येणारी गाडी कोणती, हे लोक रेडिएटरच्या आकारावरून ओळखत. पुढे जाळीदार मुखवटे आले आणि रेडिएटर मागे लपला.

आता पुण्याची गोष्ट. आमच्या बाबांकडे १९६७ सालची फियाट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली ११०० डी, हिचीच पुढे 'पद्मिनी' झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली. आमच्या आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून ती घेतली आणि त्यांच्या मागे ती बाबांकडे आली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट बाकड्यासारखी अखंड. लहानपणी मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात ती हटकून तापायची. द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हा. कडेला आपल्यासारख्याच पाच-सहा गाड्या बॉनेट वर करून उभ्या असायच्या. बाबा कधीही घाई करायचे नाहीत. झाकणावर ओलं फडकं टाकायचे, अर्धा तास थांबायचे, आई डब्यातल्या पोळ्या काढायची, आणि मग बाबा सावकाश झाकण उघडून तांब्यानं पाणी घालायचे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे आम्ही कॉलेजात जाण्यापूर्वीच शिकलो होतो.

२०१७ च्या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला निघालो आणि दिवेघाटात फियाट तापली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले मामा म्हणाले, "दादा, जाळी चोंदलीय. टाक्या चांगल्या आहेत. जाळी बदलून घेऊ, पंधरा-वीस दिवस लागतील." आमच्याकडे पंधरा-वीस दिवस कुठले! आम्ही त्यांना अॅल्युमिनियमवर व्याख्यान दिलं. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा नवा रेडिएटर आणवला, पट्ट्या ठोकून बसवला, आणि जुना भंगारवाल्याला दिला. त्यानं तांब्या-पितळेचा भाव दिला, याचं आम्हांला वर कौतुक! बाबा ओट्यावर उभे होते. एवढंच म्हणाले, "राहू दिला असता माळ्यावर." आम्ही म्हणालो, "बाबा, किती जुनं सामान साठवणार?" आणि विमानात बसलो.

इथं अॅल्युमिनियमची बदनामी करायची नाही. आजच्या साऱ्या गाड्यांत तेच असतं. तांब्यातून उष्णता त्याच्या सुमारे पावणेदोन पट सहज वाहते हे खरं, पण अॅल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, स्वस्त, आणि नळ्या रुंद केल्या की काम चोख करतं. चूक धातूची नव्हती, आमची होती. आम्ही मापच घेतलं नव्हतं. नवा रेडिएटर अरुंद होता, पंखा अर्धा त्याच्यासमोर आणि अर्धा मोकळ्या हवेत फिरत होता. होज पाइपांना जोड द्यावे लागले. गाडीच्या थरथरीनं पट्ट्यांजवळ चीर गेली आणि सहा महिन्यांत ठिबकायला लागला. मामा फोनवर म्हणाले, "दादा, याला डाग घेत नाही." पितळ असतं तर तिथल्या तिथं डाग देऊन मोकळे झाले असते.

पुढचं आम्हांला बऱ्याच दिवसांनी वहिनीकडून कळलं. मामांनी बाबांना नाना पेठेच्या बाजूला एका रेडिएटरवाल्याकडे नेलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काका, जुना कुठाय?" जुना नव्हता. टाक्या तशाच ठेवून नुसती जाळी घालायची सोय आम्ही भंगारात घातली होती. आता सगळाच नवा घडवायचा, तर नमुना हवा. फियाटवाल्यांची आपापसांत ओळख असते. फोनाफोनी झाली आणि साताऱ्याच्या एका गृहस्थांच्या माळ्यावर अगदी तसाच, फुटका रेडिएटर आहे असं समजलं. आमचे शहात्तर वर्षांचे बाबा एस.टी.नं साताऱ्याला गेले, तो रेडिएटर जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन पुण्याला आले, आणि काम झाल्यावर तसाच परत नेऊन दिला. आम्ही फोनवर विचारलं, "बाबा, सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "तू एवढ्या लांबून पैसे पाठवलेस, हौसेनं बसवलास. सांगून काय करायचं होतं?"

यावर काय बोलणार! असो.

तर आजोबांच्या गाडीपुढे जीभ चावली ती यामुळे. आम्ही म्हटलं, "थांबा. आधी रेडिएटरच बिघडलाय का, ते बघू." मंडळी, ही पहिली पायरी कुणीही चुकवू नये. गाडी तापते म्हणजे रेडिएटरच गेला असं नाही. पंख्याचा पट्टा ढिला असेल, खालचा पाइप आतून मऊ पडून पंपाच्या ओढीनं चिकटत असेल, ठिणगी उशिरा पडत असेल, कुठं गॅस्केट उडालं असेल. हे सगळं बघितलं. मग सोमवारी ऑफिसातून लांबून तापमान मोजायची बंदूक आणली आणि गाडी चालू ठेवून जाळीवरून फिरवली. डावीकडचा तिसरा हिस्सा गार! गार म्हणजे तिथून पाणी जातच नव्हतं. नव्वद वर्षांचा गाळ आणि क्षार नळ्यांत बसला होता. शिवाय कुठल्यातरी हिवाळ्यात नुसतं पाणी आत राहिलं असणार. कॅरीला बर्फ फार पडत नाही, पण रात्री पारा शून्याखाली जातोच, आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. नळीला तेवढं पुरतं.

फोर्डच्या जुन्या गाड्या इतक्या शिल्लक आहेत की त्यांचे नवे रेडिएटर तयार मिळतात. हपमोबीलचं तसं नाही. कंपनी मेली की सुट्या भागांचं घराणं संपतं. आमच्यापासून तासाभरावर हेंडरसन गावी कॉर्बिट नावाचा कारखाना होता. घोड्याच्या बग्ग्यांपासून सुरुवात करून त्यानं मोटारी आणि पुढे ट्रक बनवले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यालाही दिले. १९५० च्या दशकात तोही बंद पडला. अशा गाड्यांसाठी एकच मार्ग उरतो. शिंप्याकडे कापड टाकावं तसा रेडिएटर मापानं शिवून घ्यायचा.

आजोबांनी दुसऱ्या राज्यातला एक कारागीर शोधला. आम्ही दोघांनी मिळून जुना रेडिएटर उतरवला आणि लाकडी खोक्यात भरून पाठवला. मापं लिहून पाठवली तरी कारागीर जुना नग मागतोच. कारण जाळीची उंची, रुंदी, जाडी कागदावर येते, पण तोंडाचा बाक, पाइपाचा तिरका कोन, बोल्टाच्या भोकांची जागा, हे जुन्या नगाशिवाय कळत नाही. मग तो विचारतो, नळ्यांच्या रांगा किती, इंचाला पत्र्या किती, पुढून जशी नक्षी दिसायची तशीच हवी का आतून आधुनिक चालेल? प्रदर्शनात गाडी ठेवायची तर पहिली, रस्त्यावर फिरवायची तर दुसरी. आजोबा म्हणाले, "मुलं पुढूनच बघतात. दिसायला वडिलांची तशीच राहू दे."

कारागीर टाक्या तापवून सोडवतो, पोचे ठोकून काढतो, त्याच टाक्यांमध्ये नवी जाळी बसवतो आणि डाग देऊन जोडतो. शेवटी सगळी तोंडं बंद करून हवा भरतो आणि पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो. सायकलवाला घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधायचा तेच! आणि जाताजाता एक ताकीद देतो: जुनी गाडी बिनदाबाची असेल तर तिला नव्या गाडीचं दाबाचं झाकण लावायचं नाही. दर चौरस इंचाला एक पौंड दाबानं पाण्याचा उत्कलनबिंदू तीनेक अंश फॅरनहाइट वर जातो हे खरं, पण जुन्या टाक्या, पाइप आणि पंपाची सीलं त्या दाबासाठी नसतात.

हे डाग देण्याचं काम वाचताना तुम्हांला कुणाची आठवण झाली? आम्हांला झाली कल्हईवाल्याची. गल्लीत येऊन भाता लावायचा, पितळेचं पातेलं तापवून नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसानं पुसला की पातेलं चांदीचं! नवसागर धातूवरचा गंज खातो म्हणून कथील धरतं. रेडिएटरच्या डागाचं शास्त्र हेच, फक्त तिथं कथलात शिसं मिसळलेलं असतं. आणि तीच या धंद्याची काळी बाजू. १९९० च्या सुमाराला इथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांच्या रक्तात शिसं वाढत असल्याचा इशारा दिला होता. जुना डाग जाळून सोडवताना उडणारी धूळ आणि वाफ श्वासात जाते. तेव्हा घरच्या गॅरेजमध्ये, मुलं आजूबाजूला असताना, हा उद्योग हौसेनं करू नये. ज्याच्याकडे वारा खेचणारी सोय आहे त्यालाच करू द्यावा.

पण असे लोक आता उरलेत कुठे? प्लॅस्टिकच्या टाक्या आणि अॅल्युमिनियमची जाळी आल्यापासून दुरुस्ती कुणी करत नाही, फेकून नवा बसवतात. इथं जी दुकानं डाग द्यायची त्यांच्या पाट्या उतरल्या. तिकडे पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर जाळीवाल्याला रोज गिऱ्हाईक होतं. आता बाबांसारखे हौशी लोक वर्षातून एकदा जातात. तेवढ्यावर कुणाचा मुलगा हे शिकणार?

आजोबांचा रेडिएटर साडेतीन महिन्यांनी आला. बसवला, निम्मं पाणी आणि निम्मं अँटिफ्रीज भरलं, आणि गल्लीला दोन चकरा मारल्या. बंदुकीनं पाहिलं तर जाळी डावी-उजवी सारखी गरम! धाकटीनं विचारलं, "मग ही आजोबांच्या बाबांची गाडी राहिली का आता?" आजोबा म्हणाले, "टाकी तीच आहे. हात लावून बघ." तिनं लावला आणि "हाय हाय" करत काढला.

गेल्या दसऱ्याला आम्ही मुद्दाम पुण्यात होतो. बाबांनी फियाटला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांच्या परवानगीनं आम्ही बॉनेट उघडलं. नाना पेठेतल्या त्या कारागिरानं घडवलेला रेडिएटर आता काळा रंगवलेला, आतल्या अंगाला डागाच्या रेघा सरळ, स्वच्छ. आमच्या हाताखाली काम करणाऱ्या कुणी असे जोड दिले असते तर आम्ही पगार वाढवून दिला असता. दुपारी आम्ही माळ्यावर चढलो, तर कोपऱ्यात तो आमचा ठिबकणारा अॅल्युमिनियमचा रेडिएटर फडक्यात गुंडाळून ठेवलेला! "हा कशाला ठेवलात?" आम्ही विचारलं. बाबा म्हणाले, "कुणाच्या तरी गाडीचा असेलच ना तो. त्याला नमुना लागला तर?"

तेव्हा मंडळी, एकच विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तिकडे एखादी फियाट, अॅम्बॅसेडर, नाहीतर लँब्रेटा झाकून ठेवलेली असेल. फोनवरून "टाकून द्या, नवीन घ्या" म्हणणं आपल्याला फार सोपं असतं. म्हणण्यापूर्वी एकदा विचारा, जुना भाग कुठं आहे? निकामी असला तरी माळ्यावर राहू द्या. नवीन करून घ्यायचा झाला तर त्याच्याशिवाय होत नाही.

बाबांनी परवा फोनवर सांगितलं की दिवेघाटात गाडी तापली नाही. तरी ते वर पोचल्यावर अर्धा तास थांबले म्हणे. सवय!

भेटू पुढच्या अंकात.